माप आणि मोटार

मोटारीच्या इंजिनाचा सिलिंडर किती रुंद असावा, हा प्रश्न नीतिशास्त्राचा नव्हे असें कोणीहि म्हणेल. आम्हीहि परवांपर्यंत तसेंच म्हटलें असतें. परंतु यंदाच्या उन्हाळ्यांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून झाल्यावर, डोक्याला विसावा म्हणून, दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंडांतील मध्यमवर्गाची कौटुंबिक मोटार कशी घडत गेली याचा इतिहास आम्ही चाळूं लागलों. आणि विसावा राहिला बाजूला, गठ्ठ्यांबरोबर हातावेगळी केली असें वाटणारी गोष्टच तेथें पुन्हा भेटली. ती गोष्ट म्हणजे माप. एखाद्या वस्तूचें किंवा माणसाचें मोल ठरविण्यासाठीं आपण एक आंकडा नेमतों. आणि कांहीं काळानें तो आंकडा वस्तूला नुसता मोजीत नाहीं, तिला आपल्या सोयीप्रमाणें घडवूं लागतो. असें झालें म्हणजे दोष कोणाचा, मोजणाराचा कीं मोजला जाणाराचा, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आधीं हकीकत सांगतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटार ही श्रीमंतांची चैन होती. चैनीवर कर बसावा, आणि गाडी जितकी जबर तितका कर अधिक असावा, हें न्यायाला धरूनच होतें. पण गाडी जबर कीं अशक्त हें सरकारी कारकुनानें ओळखावें कसें? प्रत्येक इंजिन चालवून त्याची शक्ति पाहणें अशक्य. म्हणून १९१० सालीं ब्रिटिश सरकारनें करासाठीं रॉयल ऑटोमोबाईल क्लबचें एक सोपें सूत्र पत्करलें. सिलिंडरचा व्यास इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, सिलिंडर जितके असतील तितक्यांनीं त्यास गुणावें, आणि येणाऱ्या संख्येस अडीचनें भागावें. झाली अश्वशक्ति! अडीच इंच व्यासाचे चार सिलिंडर असले तर सव्वासहा गुणिले चार म्हणजे पंचवीस, आणि भागिले अडीच म्हणजे बरोबर दहा. चौथी-पांचवीच्या मुलालाहि हा हिशेब करतां यावा.

या हिशेबांत एक गोष्ट कोठेंच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. सिलिंडरमधला दट्ट्या, ज्याला पिस्टन म्हणतात, तो खालीं-वर किती लांब धांवतो, याची विचारपूस सूत्र करीत नाहीं. सूत्रकर्त्यांनीं असें गृहीत धरलें होतें कीं दट्ट्याचा वेग मिनिटाला १००० फूट, त्यावरील सरासरी दाब चौरस इंचास ९० पौंड, आणि शंभरांतील पंचवीस हिस्से शक्ति घर्षणादि कारणांनीं वाया जाते. त्या काळच्या इंजिनांस हीं गृहीतें बरींचशीं लागू पडत. म्हणजे जन्मकाळीं हें माप खोटें नव्हतें. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवतों. कारण पुढें जें घडलें त्याचें खापर कोणा लबाड माणसाच्या माथ्यावर फोडतां येत नाहीं, यांतच या प्रश्नाचें खरें गांभीर्य आहे.

१ जानेवारी १९२१ पासून ब्रिटनमध्यें मोटारीवरचा कर वर्षाला दर अश्वशक्तीस एक पौंड असा ठरला. अपूर्णांक असला तर तो पुढच्या पूर्णांकांत धरावयाचा. आतां फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी पाहा. १९११ पासून ती मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्क येथें तयार होत असे, आणि स्वस्ताईंत तिचा हात धरणारी दुसरी गाडी नव्हती. पण तिचे सिलिंडर पावणेचार इंच रुंद. सूत्रानें तिची अश्वशक्ति साडेबावीसच्या घरांत गेली व कर बसला सालीना २३ पौंड. रस्त्यावर ती गाडी कांहीं बावीस घोडे दाखवीत नव्हती. पण कर रस्त्यावरच्या घोड्यांवर नसून कागदावरच्या घोड्यांवर होता. जी गाडी विकत घ्यावयास स्वस्त ती पाळावयास महाग झाली. १९२४ पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील विल्यम मॉरिस यांनीं खपांत फोर्डला मागें टाकलें. मॉरिसनें १९२१ च्या मंदींत किंमत एकदम शंभर पौंडांनीं उतरविली हें त्याचें एक कारण. आणि त्याच्या ‘काउली’ गाडीचें इंजिन कागदावर ११.९ घोड्यांचें, म्हणजे बारा पौंड कराचें होतें, हें दुसरें.

याच वेळीं हर्बर्ट ऑस्टिन हे गृहस्थ मोठ्या अडचणींत होते. युद्धानंतर त्यांनीं वीस अश्वशक्तीच्या एकाच मोठ्या गाडीवर सारा भार टाकला होता. ती अपेक्षेप्रमाणें खपली नाहीं, आणि १९२१ सालीं कंपनीचा कारभार न्यायालयानें नेमलेल्या रिसीव्हरच्या हातीं गेला. लहान गाडी काढावी ही ऑस्टिन यांची कल्पना संचालकांना पसंत नव्हती. तेव्हां त्यांनीं स्टॅन्ली एज नांवाच्या अठरा वर्षांच्या एका नकशानवीस पोराला कारखान्यांतून उचलून ‘लिकी ग्रेंज’ या आपल्या राहत्या घरीं आणलें, आणि दोघांनीं मिळून १९२२ मध्यें ‘ऑस्टिन सेव्हन’ कागदावर उतरविली. तिचे सिलिंडर २.२ इंच रुंद. कर आठ पौंड. किंमत आरंभीं २२५ पौंड होती ती लवकरच १६५ वर आली. ज्या गृहस्थाला आजवर मोटारसायकल व तिच्या बाजूला जोडलेली एक टोपली एवढेंच वाहन परवडे, आणि पावसांत त्या टोपलींत बायकोमुलांना भिजवीत न्यावें लागे, त्याच्यासाठीं ही गाडी होती. १९३९ पर्यंत अशा सुमारें २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या.

या ठिकाणीं करास दोष देणाऱ्यानें थोडें थांबावें. कर नसता तर लहान गाडी निघालीच नसती असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्लंडांतलें पेट्रोल महाग, अंतरें लहान आणि मध्यमवर्गाची मिळकत बेताची, हीं कारणें होतींच. तथापि त्या वेड्यावांकड्या मापाच्या दडपणाखालीं एक खरोखर चांगली वस्तु जन्मास आली, हें नाकबूल करतां येत नाहीं. वृत्ताचें बंधन असतें म्हणून कवीला नेमका शब्द शोधावा लागतो. मर्यादा ही नेहमींच शत्रु नसते.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं. कुटुंबाला मोटार मिळाल्यावर कुटुंबाला छप्पर हवेंसें वाटूं लागलें. आरंभींच्या गाड्या बहुधा उघड्या असत. वर कापडी टप, बाजूंना पडदे. इंग्लंडच्या हवेंत हें फार दिवस टिकणारें नव्हतें. इंग्रजींत बंद गाडीला ‘सलून’ म्हणतात; आपल्याकडे हा शब्द ऐकतांच दाढी आणि केस आठवतात, म्हणून आम्ही तिला बंद गाडीच म्हणूं. १९२६ सालीं काउली येथें पोलादाचे पत्रे दाबयंत्रानें घडविणारा कारखाना निघाला, तशा बंद गाड्या स्वस्त होऊं लागल्या. ऑक्टोबर १९३५ मध्यें तर फोर्डनें डॅगनहॅम येथें बनविलेली चौघांची बंद गाडी अवघ्या १०० पौंडांस देऊं केली. पण छप्पर, दारें, कांचा आणि मागच्या आसनावरचीं मुलें यांचें वजन ओढावयास शक्ति लागते. शक्ति तर हवी, आणि कर तर वाढतां कामा नये. आतां कारागिरानें करावें काय?

त्यानें तेंच केलें जें सूत्रानें त्याला न बोलतां सुचविलें होतें. रुंदी मोजली जाते. लांबी मोजली जात नाहीं. तेव्हां सिलिंडर अरुंद ठेवावा आणि दट्ट्याची धांव लांबवावी. १९३२ सालची ‘ऑस्टिन टेन’ आणि त्याच सालची ‘मॉरिस टेन’ या दोन कौटुंबिक गाड्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. दोहोंचा सिलिंडर तोच अडीच इंचांचा, म्हणजे ६३.५ मिलिमीटर, दोहोंवर कर तोच दहा पौंड. पण ऑस्टिनच्या दट्ट्याची धांव ८९ मिलिमीटर, मॉरिसची १०२. त्यामुळें पहिलीचें इंजिन ११२५ घनसेंटिमीटर व दुसरीचें १२९२. सरकारच्या दृष्टीनें दोन्ही इंजिनें सारखींच! मॉरिसचें हें इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेऊं लागलें म्हणजे दट्ट्या मिनिटांत सुमारें २००० फूट धांवतो, हा हिशेब कोणीहि कागदावर करून पाहावा. सूत्रानें धरलेला वेग १००० फुटांचा. म्हणजे वस्तु मापाच्या दुप्पट पुढें निघून गेली होती, आणि माप मात्र जागच्या जागीं उभें होतें. फोर्डनेंहि आपल्या ‘मॉडेल ए’ गाडीचें २४ घोड्यांचें इंजिन ब्रिटनसाठीं केवळ अरुंद करून १४.९ घोड्यांचें केलें. अशा इंजिनांत दट्ट्या व सिलिंडर यांची झीज लवकर होई, वेग वाढविण्यास मर्यादा पडे. आणि लांबलांब रस्त्यांच्या परदेशांत, जेथें ब्रिटिश कराचा कांहीं संबंध नव्हता तेथें, अमेरिकेच्या ऐसपैस इंजिनांपुढें ब्रिटिश गाडीची दमछाक होई.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ज्या कारागिरानें सिलिंडर अरुंद करून धांव लांबविली, तो अप्रामाणिक होता काय?

आमच्या मतें नव्हता. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. कर भरण्यासाठीं जें माप विचारलें तें त्यानें खरें सांगितलें. इतकेंच नव्हे, तर त्या काळीं ‘अल्विस १२/५०’ अशीं नांवें राजरोस गाड्यांना देत. पहिला आंकडा कागदावरच्या घोड्यांचा, दुसरा खऱ्या. ज्याला चोरी करावयाची तो चोरीचा हिशेब दारावरच्या पाटीवर लिहीत नाहीं. याच्याशीं २०१५ सालच्या एका प्रकरणाची तुलना करावी. फोक्सवागेन या जर्मन कंपनीनें आपल्या डिझेल मोटारींत अशी योजना करून ठेवली होती कीं धुराची तपासणी चालू आहे हें गाडीच ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ सोडी. तपासणी संपून गाडी रस्त्याला लागली कीं पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जगभर सुमारें १ कोटी १० लाख गाड्यांत ही योजना होती. ही निव्वळ फसवणूक. पहिल्या कारागिरानें मापाच्या शब्दाशीं इमान राखलें आणि त्याच्या हेतूकडे दुर्लक्ष केलें. दुसऱ्यानें शब्द आणि हेतु दोन्ही तुडविले. या दोहोंना एकाच तराजूंत घालणें अन्यायाचें होईल.

पण मग पहिला कारागीर निर्दोष ठरला एवढ्यानें समाधान मानावें काय? येथेंच आमचें मन अडखळतें. कारण त्यानें खोटें बोललें नसलें तरी त्याच्या हातून वस्तु वांकडी घडली, हें खरेंच. आणि वांकडेपणा जर घडणाराचा नव्हे, तर तो कोणाचा? १९७५ सालीं चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानें चलनधोरणाच्या संदर्भांत असें दाखविलें कीं नियंत्रणासाठीं म्हणून ज्या आंकड्यावर भार द्यावा तोच आंकडा मग भरंवशाचा राहत नाहीं. अर्थशास्त्रज्ञाचें काम तेथें संपतें. नीतीचा प्रश्न मात्र तेथून पुढें सुरू होतो: आंकडा बिघडणार हें ज्याला कळलें आहे, त्याचें कर्तव्य काय?

मोजणाराची बाजू आधीं ऐकून घेतली पाहिजे, कारण ती वाटते तितकी लंगडी नाहीं. सूत्र चुकीचें होतें, पण तें कोणाचें तोंड पाहत नव्हतें. लॉर्डसाहेबाच्या गाडीचा सिलिंडर आणि शाळामास्तरच्या गाडीचा सिलिंडर एकाच पट्टीनें मोजला जाई. पट्टीला लांच देतां येत नाहीं, पट्टीपुढें शिफारसपत्र चालत नाहीं. उद्यां कारकुनाला सांगितलें कीं सूत्र सोड आणि गाडीचें खरें मोल तुझ्या समजुतीनें ठरव, तर त्या समजुतीच्या दाराशीं कोणाची रांग लागेल हें सांगावयास नको. आमच्या क्षेत्रांतहि हेंच आहे. परीक्षेच्या गुणांना आपण हंसतों. पण खेड्यांतून आलेल्या, ज्याचा कोणी मामा-काका कोठें अधिकारावर नाहीं अशा मुलाला, उत्तरपत्रिकेवरच्या त्या निनांवी आंकड्यानेंच दार उघडून दिलें आहे. आम्ही स्वतः त्याच दारानें आंत आलों. तें दार मोडून टाका असें म्हणणारा बहुधा असा असतो कीं ज्याला दुसरें दार ठाऊक आहे.

म्हणून मापच नको हा आमचा पक्ष नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं माप नेमणारा हा तटस्थ साक्षीदार नसून घडणाऱ्या वस्तूचा अर्धा कर्ता आहे, आणि कर्त्याची जबाबदारी त्याला टाळतां येत नाहीं. शिवाय जें मोजावयास सोपें तें आधीं मोजलें जातें, आणि जें महत्त्वाचें तें मागें राहतें. याच ब्रिटनमध्यें सिलिंडरची रुंदी १९१० पासून इंचाच्या अंशापर्यंत मोजली जात होती. पण चालविणाराला गाडी चालवितां येते कीं नाहीं हें पाहणारी परीक्षा सक्तीची झाली ती जून १९३५ मध्यें. त्याच्या आदल्या वर्षीं, १९३४ सालीं, तेथील रस्त्यांवर ७३४३ माणसें मेलीं होतीं. माप चुकीचें असणें हा एक दोष. माप आहे म्हणून पाहावयाचें कांहीं उरलें नाहीं असें वाटणें हा त्याहून मोठा.

येथें एक घरगुती गोष्ट सांगावीशी वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. पहिल्या वर्षीं तो तासानंतर दाराशीं उभा राही आणि कांहीं तरी विचारी. मिल्लचें म्हणणें खरें असेल तर आईचें प्रेम हाहि सुखाचा हिशेबच काय. ज्यानें भुकेनें चोरी केली त्याचें पाप आणि ज्यानें त्याला उपाशी ठेवलें त्याचें पाप, यांत मोठें कोणतें. असे त्याचे प्रश्न असत. उत्तर देण्यास अर्धा तास लागे, आणि पुष्कळदां तें आम्हांसहि ठाऊक नसे. पुढें अभ्यासक्रम वाढला, तास कमी पडूं लागले. एके दिवशीं तो असाच दाराशीं उभा असतां आम्ही घड्याळाकडे पाहून म्हणालों, “हें परीक्षेला नाहीं बरें.” आम्ही रागावून म्हटलें नाहीं. त्याच्या हिताचेंच म्हटलें. आम्ही त्या सालीं नोट्स सांगावयास आरंभ केला होता: प्रत्येक प्रश्नास पांच मुद्दे, प्रत्येक मुद्द्यास दोन वाक्यें. तिसऱ्या वर्षीं त्यानें एकहि प्रश्न विचारला नाहीं, आणि तो पहिल्या वर्गांत आला. आम्हीं त्याची पाठ थोपटली. त्याच्या आईनें घरीं पेढे आणून दिले, ते आम्हीं आनंदानें खाल्ले.

आतां पुन्हा मोटारीकडे. तो कर १९३५ मध्यें दर अश्वशक्तीस १५ शिलिंगांवर उतरला, १९४० मध्यें २५ शिलिंगांवर चढला, आणि १९४७ सालीं नव्या गाड्यांपुरतें तें सूत्रच रद्द होऊन १९४८ पासून त्यांना सरसकट दहा पौंड कर लागूं झाला. म्हणजे रुंदीवरचें बंधन गेलें. त्याच १९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या प्रदर्शनांत अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक अभियंत्याची ‘मॉरिस मायनर’ ही नवी गाडी लोकांपुढें आली. गाडी तयार होत आली असतां ती इसिगोनिस यांना अरुंद वाटली. त्यांनीं नमुना मधोमध कापवून चार इंच रुंद केला, आणि तो सांधा झांकणारी सपाट पट्टी त्या गाडीच्या तोंडावर शेवटपर्यंत दिसत राहिली. एवढें धाडस अंगावर झालें. पण आंत इंजिन कोणतें? तिच्यासाठीं योजलेलें नवें इंजिन बाजूला पडून जुन्या ‘मॉरिस एट’चें ९१८ घनसेंटिमीटरचें, ५७ मिलिमीटर रुंद आणि ९० मिलिमीटर धांवेचें इंजिनच तींत बसविलें गेलें. कायदा गेला होता. कायद्यानें पाडलेला साचा कारखान्यांत तसाच उभा होता. यंत्रें त्या मापाचीं, कारागिरांचे हात त्या मापाचे, आणि नवें कांहीं करावयाचें म्हणजे पैसा व वेळ. आपल्या देशांतहि स्वातंत्र्याच्या आगेंमागें मॉरिस टेनवरून ‘हिंदुस्थान टेन’ निघाली. त्या नांवांतला ‘दहा’ हा आंकडा लंडनच्या करवसुलीच्या कागदावर जन्मास आलेला होता. तो समुद्र ओलांडून आपल्या गाडीच्या नांवांत येऊन बसला, आणि त्याचा अर्थ विचारावा असें कोणास वाटलें नाहीं.

हें वाचीत असतां आम्हांस त्या विद्यार्थ्याची दुसरी भेट आठवली. ती होऊन सहा-सात वर्षें झालीं. एका लग्नांत तो भेटला; वांकून नमस्कार केला, बायकोमुलांची ओळख करून दिली. शिकवणीचा वर्ग काढला आहे, चांगला चालतो, असें म्हणाला. आम्हीं सहज विचारलें, “काय शिकवतोस?” तो मनापासून हंसला व म्हणाला, “सर, तुमच्याच नोट्स अजून चालतात. अभ्यासक्रम दोनदां बदलला, पण मुलांना पांच मुद्देच पाहिजे असतात.” त्याच्या बोलण्यांत उपरोध मुळींच नव्हता, कृतज्ञता होती. जेवणाच्या पंगतींत आम्ही त्याच्याच शेजारीं बसलों आणि त्या दाराशीं विचारलेल्या प्रश्नांची आठवण द्यावी असें दोन वेळां मनांत आलें. दिली नाहीं. त्याला ते प्रश्न आठवत नसते तर आम्हांस वाईट वाटलें असतें, आणि आठवत असते तर अधिक.

तेव्हां दोष कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आतां असें दिसतें. मोजला जाणारा पोटासाठीं, करासाठीं, प्रवेशासाठीं मापाप्रमाणें वांकतो. त्याच्यावर कठोर होण्याचा अधिकार फारच थोड्यांना आहे. मोजणारानें माप नेमलें हाहि अपराध नव्हे, कारण मापावांचून न्यायाचा कारभार चालत नाहीं. अपराध होतो तो त्यानंतर. माप नेमतांना कांहीं गृहीतें धरलेलीं असतात. दट्ट्याचा वेग १००० फूट, विद्यार्थ्याला जें लिहितां आलें तेंच त्याला समजलें, अशीं. हीं गृहीतें मापाबरोबर जपून ठेवावीं लागतात, आणि तीं अजून खरीं आहेत काय हें अधूनमधून वस्तूकडे वळून तपासावें लागतें. तें काम कंटाळवाणें आहे. त्याचें कोणी कौतुक करीत नाहीं. म्हणून गृहीतें विसरलीं जातात आणि आंकडा तेवढा उरतो. ज्या दिवशीं मोजणारा वस्तूकडे पाहणें सोडून आंकड्याकडे पाहूं लागतो, त्या दिवसापासून होणाऱ्या वांकडेपणाचा वांटा त्याच्या पदरीं पडतो. आणि नंतर माप बदललें, सूत्र रद्द केलें, तरी तो वांटा फिटतोच असें नाहीं. कारण तोंवर साचे पडून गेलेले असतात, आणि साचे कायद्याहून दीर्घायुषी असतात.

हें सर्व लिहून झाल्यावर वाचक आम्हांस विचारतील, मग तुम्ही उत्तरपत्रिकांवर आंकडे घालावयाचें सोडलें काय? सोडलें नाहीं. पुढच्या वर्षींहि गठ्ठे येतील, आणि प्रत्येक मुद्द्यास ठरलेले गुण आम्ही देऊं. न दिले तर ज्याचा मामा-काका कोठें नाहीं त्या मुलाचें नुकसान होईल. एवढें मात्र ठरविलें आहे कीं तासानंतर कोणी दाराशीं उभा राहिला तर घड्याळ पाहावयाचें नाहीं. जूनमध्यें कॉलेज उघडलें. अद्याप कोणी उभा राहिलेला नाहीं. आम्ही मात्र तास संपल्यावर पुस्तकें गोळा करावयास हल्लीं थोडा अधिक वेळ लावतों.